वेगळ्या क्षेत्रातल्या लोकांसोबत मिळून काही नवं करायचंय? मग सुरुवात अशी करा

तुमच्या संस्थेत, ऑफिसात किंवा वस्तीतल्या गटात एखादा प्रश्न वर्षानुवर्षं तसाच पडून आहे, सगळ्यांनी सगळं करून बघितलंय, आणि आता कोणीतरी म्हणतंय की बाहेरच्यांना बोलवूया, एखादा कलाकार, एखादा इंजिनियर, दुसऱ्या डिपार्टमेंटची माणसं, किंवा ज्यांना तो त्रास रोज होतो तेच लोक. कल्पना चांगलीच आहे. पण असं काम आधी कधी केलं नसेल तर सुरुवातीचे दिवस फार गोंधळाचे जातात आणि बरेच गट तिथेच सोडून देतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वेगवेगळी माणसं एका खोलीत बसवली की आपोआप काहीतरी नवं सुचतं, असं नसतं. नुसती बसवली तर ओळखी होतात, गप्पा छान होतात आणि मग सगळे परत आपापल्या कामाला लागतात. नवं निघतं ते तेव्हा, जेव्हा त्या लोकांच्या मध्ये एक ठोस गोष्ट ठेवलेली असते जिला सगळे हात लावू शकतात, जी सगळे बदलू शकतात आणि जिच्यावरून नेमका वाद घालता येतो. बाकी सगळ्या पायऱ्या याच्यासाठीच आहेत.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलचं उदाहरण घेऊ, पुढचं बरंच त्यातून समजेल. लहान बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं की त्याला ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूत हलवावं लागतं. त्या थोड्या मिनिटांत व्हेंटिलेटर बदलायचा, मॉनिटरच्या वायरी आणि औषधांच्या नळ्या काढून दुसरीकडे जोडायच्या, आणि हे चालू असतानाच एका टीमने दुसऱ्या टीमला बाळाची सगळी माहिती तोंडी द्यायची. सगळे अनुभवी लोक, तरी चुका व्हायच्या. तिथले सर्जन मार्टिन इलियट आणि आयसीयूचे डॉक्टर अॅलन गोल्डमन थकून टीव्हीवर फॉर्म्युला वन रेस बघत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की पिट स्टॉपला, म्हणजे रेसच्या मध्येच गाडी टायर बदलायला थांबते तेव्हा, हेच तर चाललंय, कितीतरी माणसं एका गाडीभोवती, काही सेकंदांचं काम, आणि कोणी कोणाच्या पायात येत नाही. मग त्यांनी सरळ फेरारीच्या टीमला गाठलं आणि आपल्या कामाचा व्हिडिओ दाखवला. रेसवाल्यांना पहिल्यांदा काय खटकलं, तर हे सगळं नेमकं कोण चालवतंय तेच व्हिडिओत कळत नव्हतं. पिटमध्ये गाडी सोडायचा इशारा देणारा माणूस एकच असतो.

त्यातून नवी पद्धत बसवली. भूलतज्ज्ञ पुढाकार घेणार, प्रत्येकाची उभं राहायची जागा आणि काम ठरलेलं, आधी सगळी मशीन जोडून घ्यायची आणि मगच माहिती बोलायची. विमानाच्या पायलटांना ट्रेनिंग देणाऱ्या कॅप्टनांचीही यात मदत घेतली होती. २००७ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार दर वेळच्या तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या आणि सांगायची राहून गेलेली माहिती २.०९ वरून १.०७ वर. पाहणी छोटी होती, एकूण ५० वेळा बाळं हलवताना केलेली, त्यामुळे आकड्यांचा फार मोठा डंका पिटायला नको. पण ही पद्धत एकट्या डॉक्टरांना सुचली नसती आणि एकट्या रेसवाल्यांनाही नाही, हे मात्र नक्की.

पहिली पायरी: प्रश्न छोटा आणि सांध्यावरचा निवडा

सांधा म्हणजे जिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं ती जागा. पेशंट थिएटरमधून आयसीयूत जातो, डिझाइन कारखान्यात जातं, अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, सरकारची योजना लोकांपर्यंत जाते. बहुतेक जुनी दुखणी या जागांवर अडकलेली असतात, कारण सांधा कोणाच्याच जबाबदारीत पूर्ण येत नाही आणि म्हणून तिकडे कोणी नीट बघतच नाही.

'आम्हाला इनोव्हेशन करायचंय' हा प्रश्न नाही. 'ऑपरेशननंतर बाळ हलवताना माहिती सांगायची राहून जाते' हा प्रश्न आहे. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा, तुमच्या क्षेत्राचा एकही खास शब्द न वापरता, आणि त्या कामाशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याला कळला तर पुढे जा, नाही कळला तर परत लिहा. कंटाळवाणं आहे हे, पण इथे घालवलेला एक दिवस पुढचे बरेच दिवस वाचवतो.

वस्तीत, गावात, लोकांसोबत काम करत असाल तर इथे जास्त सांभाळून. प्रश्न तुम्ही ठरवून नेऊ नका. १९६७ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या फोगो बेटावर काय झालं बघा. मासेमारी करणारी छोटी छोटी गावं, एकमेकांपासून तुटलेली, आणि लोकांना तिथून उठवून दुसरीकडे वसवायचं असं सरकारच्या मनात चाललेलं. कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म बोर्डाचे कॉलिन लो आणि मेमोरियल युनिव्हर्सिटीचे डॉन स्नोडेन यांनी बेटावर एक मोठी डॉक्युमेंटरी करायच्या ऐवजी लोकांच्या बोलण्याच्या सत्तावीसेक छोट्या फिल्म केल्या आणि त्या गावोगाव परत लोकांनाच दाखवल्या. या गावाने त्या गावाचं म्हणणं बघितलं आणि कळलं की अरे, आपण सगळे तेच म्हणतोय. मंत्र्यांनाही त्या दाखवल्या आणि त्यांचं उत्तर शूट करून परत बेटावर आणलं. बेटवाल्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली, बेट सोडलं नाही. बाहेरून आलेल्यांनी यात उत्तर दिलं नव्हतं, लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकता येईल अशी सोय केली होती, आणि बाहेरच्या माणसाचं काम बरेचदा तेवढंच असतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: माणसं शोधताना विषय बघू नका, अडचणीचा आकार बघा

नवीन लोक इथे हमखास चुकतात. पेशंटचा प्रश्न आहे म्हणून अजून डॉक्टर बोलावतात, शाळेचा आहे म्हणून अजून शिक्षक. त्यापेक्षा स्वतःला विचारा, माझ्यासारखीच अडचण अजून कोणाला रोज येते, आणि तीही माझ्यापेक्षा जास्त घाईत, जास्त गर्दीत किंवा कमी साधनांत? रेसच्या टीमला औषधातलं काही कळत नव्हतं, पण कमी वेळात खूप माणसांनी एका जागी न चुकता काम कसं करायचं ते त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं.

आणि हाताने काम करणारी माणसं विसरू नका, हे मी मुद्दाम ठासून सांगतोय. जयपूर फूटचंच बघा. १९६०च्या दशकात कृत्रिम पाय मिळायचे, पण ते बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा विचार करून केलेले. ज्याला अनवाणी शेतात जायचंय, उकिडवं बसायचंय, जमिनीवर मांडी घालायचीय त्याला ते निरुपयोगी, लोक घरी गेले की काढून ठेवायचे. जयपूरचे ऑर्थोपेडिक सर्जन डॉ. प्रमोद करण सेठी यांना चालताना पायावर भार कुठे येतो ते माहीत होतं, आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांना कुठला माल कसा वळतो, कसा साच्यात बसतो ते. रामचंद्रजींचं शाळेतलं शिक्षण अगदी थोडं. पण रबराचा, वळणारा, पाण्यात चालणारा पाय उभा राहिला तो या दोघांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एकत्र खटपटीतून, १९६८च्या सुमारास. आणि पाय घालून बघणारे पेशंट हे यातले तिसरे भागीदार, कारण कुठे टोचतंय हे फक्त त्यांनाच कळत होतं.

सुरुवातीला दोन बाजूंची दोन दोन माणसं आणि ज्याला त्रास होतो असा एखादा, एवढी बास झाली. पंधरा जण बोलावले की काम होत नाही, भाषणं होतात.

तिसरी पायरी: मीटिंगच्या आधी त्यांच्याकडे जाऊन बसा

एक अर्धा दिवस. काही न सुचवता. त्यांना तुमच्याकडे आणून तसंच बसवा. लोक काम कसं करतात हे ते सांगतात त्यापेक्षा वेगळं असतं, आणि ते खोटं बोलतात म्हणून नाही, तर रोजच्या सवयीचं आपल्याला दिसतच नाही म्हणून. जाता येत नसेल तर व्हिडिओ काढा, मात्र ज्यांचा काढताय त्यांना विचारून.

चौथी पायरी: शब्द आणि मापं जुळवून घ्या

सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचताना नष्ट झालं. कारण काय, तर एका टीमचं सॉफ्टवेअर इंजिनच्या धक्क्याचे आकडे पाउंडाच्या हिशोबात देत होतं आणि दुसरी टीम ते न्यूटनच्या हिशोबात आहेत असं धरून चालली होती. दोन्हीकडे तज्ज्ञच होते, आणि आपलं माप म्हणजेच सगळ्यांचं माप असं धरून चालणं कोणाकडूनही होऊ शकतं.

तुमच्याकडे यान नसेल, पण 'लवकर', 'तयार झालं', 'ट्रायल', 'लोकांचा सहभाग' हे शब्द असतीलच. डिझायनर 'तयार' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात पुठ्ठ्याचं मॉडेल असतं, कारखान्यातला माणूस 'तयार' म्हणजे उद्या हजार नग काढता येतील असं समजतो. एक सामायिक पान करा, वाद झालेला प्रत्येक शब्द त्यावर टाका आणि आपल्या कामापुरता त्याचा अर्थ काय ते दोन ओळींत लिहा. हे पान कोणी एकट्याने लिहून बाकीच्यांना पाठवायचं नाही, सगळ्यांनी बसून लिहायचं.

पाचवी पायरी: मध्ये काहीतरी ठेवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा थांबतो.

१९८९ मध्ये सुझन ली स्टार आणि जेम्स ग्रीझमर या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या बर्कलीच्या युनिव्हर्सिटीतल्या प्राणिशास्त्र म्युझियमच्या सुरुवातीच्या काळाचा अभ्यास केला. त्यांना प्रश्न पडला होता की तिथे शास्त्रज्ञ, हौशी संग्राहक, सापळे लावून जनावरं पकडणारे, युनिव्हर्सिटीचे अधिकारी अशी एकमेकांशी कशातच न जुळणारी माणसं एकत्र काम कशी करू शकली. सगळ्यांची उद्दिष्टं वेगळी. सापळेवाल्याला मोबदला हवा, हौशी माणसाला आपल्या भागातला निसर्ग जपायचाय, संचालक जोसेफ ग्रिनेल यांना पर्यावरण बदललं की प्राणी कसे बदलतात ते शोधायचंय. उत्तरात बऱ्याच साध्या वस्तू निघाल्या, जतन केलेले नमुने, नकाशे आणि ठरलेल्या पद्धतीने भरायचे फॉर्म. कुठे सापडलं, कधी, कसल्या जागेत, एवढं त्यात लिहायचं. प्रत्येक जण ती वस्तू आपापल्या कामासाठी वापरत होता, पण वस्तू एकच होती. म्हणजे एकत्र काम करायला सगळ्यांचं एकमत लागतंच असं नाही. हे वाचल्यावर मला तरी फार हायसं वाटलं होतं, कारण आपण किती ताकद आधी सगळ्यांचं मन वळवण्यात घालवतो.

दुसरं उदाहरण अलीकडचं. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये फोल्डइट नावाचा कॉम्प्युटर गेम आणला, त्यात प्रोटीनची साखळी वळवून दुमडून योग्य आकारात बसवायची. खेळणाऱ्या बहुतेकांना बायोकेमिस्ट्री येत नव्हती. पण माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूच्या एन्झाइमचा आकार शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ सापडत नव्हता, तो कोड्यासारखा गेममध्ये टाकल्यावर खेळाडूंनी तीन आठवड्यांत इतकं चांगलं मॉडेल दिलं की त्यावरून शास्त्रज्ञांना खरी रचना काढता आली. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लोकांना प्रोटीनवर लेक्चर दिलं असतं तर यातलं काही झालं नसतं, प्रोटीन त्यांच्या हातात दिलं म्हणून झालं.

तेव्हा तुमच्या प्रश्नासाठी मध्ये काय ठेवता येईल ते शोधा. कागदाचा मोठा नकाशा ज्यावर कोणीही पेनाने खुणा करेल, पुठ्ठ्याचं मॉडेल, कामाचा व्हिडिओ, एक पानी फॉर्म, जमिनीवर खडूने आखलेली खोली. दोन गोष्टी बघा. एक, ती इतकी कच्ची असू द्या की खोडायला कोणाला भीती वाटणार नाही, कारण चकचकीत प्रेझेंटेशन समोर आलं की लोक मान डोलावतात आणि गप्प बसतात. आणि दुसरं म्हणजे ती समजायला कोणाचंही खास शिक्षण लागू नये. पहिल्या मीटिंगला ही वस्तू टेबलावर असलीच पाहिजे. नसेल तर मीटिंग पुढे ढकला.

सहावी पायरी: श्रेय, पैसे आणि हक्क आधी लिहून ठेवा

लोकांना हे बोलायला संकोच वाटतो, 'आपल्यात कसला हिशोब' वगैरे. पण सीमा ओलांडून केलेल्या कामात सगळ्यात खोल जखम इथेच होते. मे १९५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गोसलिंग यांनी डीएनएचा एक्स-रे फोटो घेतला, तो पुढे त्यांच्याच कॉलेजातल्या मॉरिस विल्किन्स यांनी फ्रँकलिनना न सांगता, डीएनएची रचना शोधणाऱ्या जेम्स वॉटसनना दाखवला. १९५३ मध्ये वॉटसन आणि त्यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक यांचं डीएनएच्या रचनेचं मॉडेल आलं, त्याला त्या फोटोचाही आधार होता, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकत्र आल्याचं केवढं मोठं फळ ते. फ्रँकलिन १९५८ मध्ये वारल्या, १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. त्या बाईंच्या मेहनतीची नीट दखल घ्यायला जगाला पुढे कितीतरी वर्षं लागली. जयपूर फूटच्या बाबतीतही १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला, तो योग्यच होता, पण रामचंद्र शर्मांचं नाव आजही फार थोड्यांना माहीत आहे.

चांगली उदाहरणंही आहेत. फोल्डइटच्या त्या शोधनिबंधात खेळाडूंच्या गटांची नावं लेखकांच्या यादीत आहेत. फोगोवर ज्याची फिल्म केली त्याला ती आधी दाखवायचे, त्याने हो म्हटलं तरच ती बाहेर जायची.

एका पानावर एवढं लिहा: कोणाची नावं कुठे येतील, जे तयार होईल ते कोण वापरू शकेल, त्यातून पैसे आले तर वाटणी कशी, आणि कोणाचा फोटो किंवा माहिती त्याच्या होकाराशिवाय बाहेर जाणार नाही. आणि वेळेचे पैसे. तज्ज्ञांना मानधन आणि वस्तीतल्या बाईला 'सहभागाबद्दल आभार', हे मला अजिबात पटत नाही. ती बाई आपला दिवसाचा रोज बुडवून येते, तिला जे माहीत आहे ते तुमच्याकडे नाही म्हणूनच तुम्ही तिला बोलावलंय, मग तिच्या ज्ञानालाही मोबदला हवा. बजेट कमी असेल तर सगळ्यांनाच कमी द्या.

सातवी पायरी: जागा आणि वेळ

अमेरिकेत एमआयटीमध्ये बिल्डिंग २० नावाची लाकडी इमारत होती, १९४३ मध्ये युद्धातल्या रडारच्या कामासाठी घाईघाईत उभारलेली. युद्ध संपल्यावर पाडायची ठरलेली ती १९९८ पर्यंत टिकली. साधी, गळकी, पण तिथे भाषाशास्त्रवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, अणुशास्त्रवाले एकाच कॉरिडॉरमध्ये भेटायचे आणि कोणाला भिंतीला भोक पाडून वायर न्यायची असेल तर परवानगी मागत बसावं लागायचं नाही. तुम्हाला इमारत नको, पण एक टेबल किंवा भिंत अशी असू द्या जिथलं काम रोज आवरून ठेवावं लागत नाही. आणि आठवड्यातली एकच वेळ ठरवून तीच पाळा, मग एखाद्या वेळी दोघंच आले तरी चालेल.

आठवी पायरी: पहिल्या प्रयोगावरून निकाल लावू नका

ऑक्टोबर १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दहा कलाकार आणि बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेचे तीसेक इंजिनियर यांनी मिळून नऊ रात्रींचे प्रयोग केले. इंजिनियर बिली क्लूव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग त्यात पुढे होते. बरीच यंत्रं ऐनवेळी चालली नाहीत आणि टीकाही भरपूर झाली. तरी त्यांनी सोडलं नाही, कलाकार आणि इंजिनियरांना जोडून देणारी संस्थाच काढली. त्याच संस्थेच्या कामातून १९७० च्या ओसाका एक्स्पोमध्ये, म्हणजे जपानमधल्या जागतिक प्रदर्शनात, जपानी कलाकार फुजिको नाकाया आणि भौतिकशास्त्रज्ञ थॉमस मी यांनी एका पॅव्हेलियनवर कृत्रिम धुकं उभं केलं. आधी माहीत असलेला मार्ग रसायनांचा होता, नाकाया हटून बसल्या की लोक त्यात चालणार, श्वास घेणार, तेव्हा धुकं फक्त पाण्याचं हवं. त्यातून जास्त दाबाने अगदी बारीक नळीतून पाणी सोडायची पद्धत बसली, आणि हे तंत्र पुढे ग्रीनहाउसमध्ये आणि वीज बनवणाऱ्या टर्बाइनची हवा थंड करायला वापरलं गेलं. कलाकाराच्या अटीमुळे इंजिनियरला नवी वाट शोधावी लागली. म्हणून समोरचा अडून बसला की लगेच मधला मार्ग काढू नका, आधी तो का अडतोय ते नीट विचारा.

मात्र अडून बसणं वेगळं आणि एकमेकांना कमी लेखणं वेगळं. कोणी सतत दुसऱ्याच्या कामाला 'हे काय, कोणीही करेल' म्हणत असेल तर त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन बोला, नाही सुधारला तर माणूस बदला.

आणि हो, प्रत्येक प्रश्नाला असं काम लागत नाही. ज्याचं उत्तर तुमच्याच खात्यात कोणाला तरी ठाऊक आहे, त्यासाठी बाहेरच्यांचा वेळ घेऊ नका.

शेवटची पायरी: आधी मोजा, नंतर मोजा, आणि सांभाळणार कोण ते ठरवा

सुरू करायच्या आधी आजची स्थिती मोजून ठेवा. किती चुका होतात, किती वेळ लागतो, किती लोक अर्ध्यात सोडतात, जे लागू असेल ते. हॉस्पिटलवाल्यांनी नव्या पद्धतीआधीचे आकडे घेतले होते म्हणूनच फरक दाखवता आला. नंतर त्याच पद्धतीने परत मोजा, आणि ज्यांना त्रास होत होता त्यांनाच विचारा की आता कसं वाटतंय, कारण आकडा सुधारतो आणि त्रास नुसता दुसऱ्याच्या गळ्यात जातो असंही होतं.

मग ज्या माणसाला उद्यापासून ही गोष्ट रोज चालवायचीय त्याला, म्हणजे नर्सला, क्लार्कला, गटाच्या सेक्रेटरीला, ट्रायल चालू असतानाच आत घ्या. काय केलं, काय जमलं नाही आणि कुठला शब्द कुठल्या अर्थाने वापरला हे तीन-चार पानांत साध्या भाषेत लिहून त्याच्याकडे द्या, आणि त्याला ती पानं खोडायचा, बदलायचा पूर्ण अधिकार आहे असं पहिल्याच ओळीत लिहा.